वाचलेली पुस्तके, खरीखुरी मते



पुस्तकाविषयी खरे मत सांगणे म्हणजे पाहुणे म्हणून गेलेल्या घरी भाजी अळणी आहे म्हणण्यासारखे. लेखक नावाजलेला असला की आपण आधी मान डोलावतो, आणि जमलेच तर मागाहून वाचतो. इथे कारंजात बसून मीही पुष्कळ मान डोलावली आहे. म्हणून या सुटीत तीन पुस्तके नीट वाचून काढली.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' 1955 सालची. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर येतो. शाळा आहे, पण पोरे मेंढरांमागे रानात. गुरुजीमंडळींनी ही कादंबरी जरूर वाचावी; हजेरीपटातली गैरहजेरी कशाने होते ते तिथे कळते. दुष्काळात वाडी ओस पडते ती पाने वाचून मी पुस्तक मिटले आणि अंगणात जाऊन बसलो. लेखक तिथे एकदाही गळा काढत नाही. मात्र वाडीतल्या बायका मला पुरत्या दिसल्या नाहीत, हे सांगितलेच पाहिजे.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागांनी निघाली. ज्यांना अक्षरओळख लग्नानंतर पतीने करून दिली, त्या बाईंचे हे लिहिणे! 1895 साली टिळक ख्रिस्ती झाले, संसार दुभंगला. तेही बाई अशा सांगतात की हसावे की रडावे, समजत नाही. पुढे पुढे माणसांची इतकी गर्दी होते की माझा तरी धागा सुटला. पण घरात मोठ्याने वाचावे असे याहून चांगले पुस्तक मला ठाऊक नाही.

आता 'धग'. उद्धव शेळक्यांची ही कादंबरी 1960 साली आली. नवरा महादेव शिंपी, कामाला कच्चा. सगळा संसार कौतिकच्या डोक्यावर. पुढे महादेवाला महारोग जडतो. उत्तरार्धात संकटे एकावर एक कोसळतात. दोन कमी असती तर चालले असते, असे माझे मत. पण कौतिक बोलू लागली की मी गप्प होतो. ते आपले वऱ्हाडी बोलणे आहे. खरे सांगायचे तर तरुणपणी याच बोलण्यामुळे मी हे पुस्तक वीस पानांवर टाकले होते. एम.ए. झालो होतो ना!

पंधराएक वर्षांपूर्वी वर्गात एक मुलगा निबंध वाचताना 'मले' म्हणाला. मी त्याला थांबवून तीनदा 'मला' म्हणायला लावले. वर्ग हसला. पुढे वर्षभर त्या मुलाने तोंड उघडले नाही, आणि ते माझ्या लक्षातही आले नाही.

आता त्याची संत्र्याची बाग आहे. परवा नागपूर रस्त्यावर भेटला, तेव्हा माझ्या पिशवीतली 'धग' मी त्याच्या हातात ठेवली. त्या दिवसाबद्दलही बोललो. तो नुसता हसला. आठ दिवसांनी मीच विचारले, "झाले का वाचून?"

"नाही सर. मायले वाचून दाखवून राह्यलो. ते म्हनते, आमचं बोलनं पुस्तकात कोनं छापलं?"

पुस्तक अजून त्यांच्याच घरी आहे.