परदेशगमन आणि हवामानाचा विचार
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आताच ज्या गुणवंत विद्यार्थ्यांचा आपण सत्कार केला, त्यांतील कित्येकजण परदेशी जाण्याच्या तयारीत आहेत असे समजले. फी, शिष्यवृत्ती, व्हिसा यांविषयी त्यांना सांगणारे पुष्कळ आहेत. हवामानाविषयी मात्र एकच प्रश्न विचारला जातो, "तिकडे थंडी किती?" आणि उत्तरही एका आकड्यात मिळते. हा प्रश्न अपुरा आहे असे आमचे मत आहे. आणि त्याचे अपुरेपण तरुणांपेक्षा त्यांच्यामागून जाणाऱ्या वृद्ध आईबापांना अधिक जड जाते. चिटणिसांनी विषयाची मोकळीक दिली तेव्हा आम्ही हाच विषय घेतला, तो याच कारणाने.

उष्णतामापकावरील आकडा सर्व जगात एकच असला, तरी त्याचा अर्थ गावोगाव निराळा असतो. आपल्या हवामानखात्याच्या व्याख्येप्रमाणे मैदानी मुलुखात कमाल तापमान निदान ४० अंशांवर गेल्याखेरीज उष्णतेच्या लाटेचा विचारच होत नाही. लंडनमध्ये लागोपाठ तीन दिवस पारा २८ अंशांना पोचला की लाट आली असे धरतात. आमचे नागपूरकर बंधू हे ऐकून हसत आहेत, ते आम्हास येथून दिसते. परंतु पुढील हकीकत हसण्याजोगी नाही. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडातील कॉनिंग्जबी येथे ४०.३ अंश तापमान नोंदले गेले. त्या देशात पाऱ्याने चाळिशी ओलांडल्याची ही पहिलीच नोंद. आगगाड्यांचा वेग कमी करावा लागला. त्या वर्षीच्या उन्हाळ्यातील कडक दिवसांत एकट्या इंग्लंडात पासष्ट वर्षांवरील सुमारे २,८०० माणसे नेहमीच्या प्रमाणापेक्षा अधिक दगावली. चाळीस अंश हा नागपूरचा एप्रिलातील नित्याचा दिवस. मग तेथे एवढा अनर्थ का व्हावा? तेथील घरे उष्णता आत धरून ठेवण्यासाठी बांधलेली आहेत. छताला पंखा नाही, वाळ्याचा कूलर नाही, आणि भर दुपारी दारे-खिडक्या बंद करून पडून राहण्याची रीतही नाही. हवामान केवळ आकाशात नसते. ते घराच्या भिंतींत, अंगावरील वस्त्रांत आणि दिनक्रमातही असते. परदेशी जाणारा माणूस या सर्वांची सवय गाठोड्यात बांधूनच निघतो आणि तीच सवय लावून तिकडच्या आभाळाची परीक्षा करतो.

इंग्लंडच्या पावसाचेच पाहा. लंडनला वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्याला याहून अधिक पडतो, आणि मुंबईला तर तिपटीहूनही जास्त. असे असता पुण्याचा मुलगा तेथे गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात घरी कळवितो, "येथे सारखा पाऊस असतो." मुलगा खोटे बोलत नाही. आपला पाऊस ऋतू म्हणून येतो. त्याची वाट पाहिली जाते, तो आला की पेरण्या होतात, मुले अंगणात धावतात, आणि चार महिने बरसून तो निरोप घेतो. कालिदासाच्या यक्षाने आपला निरोप मेघाच्या हाती द्यावा, ही कल्पना आपल्याच देशात सुचण्याजोगी आहे. लंडनचे सहाशे मिलिमीटर बाराही महिन्यांत जवळजवळ सारखे वाटले गेलेले असतात. वर्षातील शंभराहून अधिक दिवस ते थोडेथोडे झिरपत राहतात. तो पाऊस आला म्हणून कोणास हर्ष नाही, आणि गेला म्हणून समुद्राला नारळ नाही. त्यामुळे तिकडे ढग म्हणजे कंटाळा आणि ऊन म्हणजे सण. एप्रिलात ऊन पडताच इंग्रज माणूस हिरवळीवर जाऊन उताणा पडतो, आणि आपला माणूस सवयीने झाडाची सावली शोधतो. दोघांचेही बरोबर आहे.

परंतु पावसाहून मोठी बाब आहे ती उजेडाची, आणि तिची चौकशी जाण्यापूर्वी जवळजवळ कोणीच करीत नाही. मुंबईचा सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा व सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. हा फरक आपल्या ध्यानातही येत नाही, म्हणून दिवसाच्या लांबीला हवामानात जमा करण्याचे आपणास सुचत नाही. लंडनला डिसेंबरातील दिवस आठ तासांहूनही किंचित लहान असतो आणि जूनमधील साडेसोळा तासांचा. २१ डिसेंबरला तेथे दुपारचे चार वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो. आमच्या परिचयाच्या एका आजीबाईंनी नातवंडांना "शुभं करोति" म्हणावयास बसवावे तो घड्याळात चार, आणि जूनमध्ये दिवेलागणीपर्यंत थांबावे तो मुले नऊ वाजता झोपी गेलेली! शेवटी त्यांनी घड्याळाचे सात हीच तिन्हीसांज ठरवून टाकली. हा तोडगा आम्हास शास्त्रार्थाहून अधिक पसंत पडला.

उजेडाची ही उणीव मनासही लागते. डॉ. नॉर्मन रोझेन्थाल हे मूळचे दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्गचे. अमेरिकेत आल्यावर हिवाळ्यात आपला उत्साह उतरतो आणि वसंतात परत येतो, हे त्यांना स्वतःच्याच ठिकाणी जाणवले. पुढे १९८४ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या ऋतुगत खिन्नतेचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि प्रखर दिव्याच्या उपचाराची दिशा दाखविली. तिकडे जन्मलेल्यांपैकी पुष्कळांनी जे सवयीने सोसले, ते उन्हाच्या देशातून आलेल्या माणसाच्या डोळ्यांत भरले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. यास्तव नोव्हेंबरात मुलाचा आवाज फोनवर उदास वाटला, तर "अभ्यास कर, मन रमेल" एवढेच सांगून थांबू नये. दुपारी उजेडात बाहेर फिरतोस का, हेही विचारावे आणि उदासी हटेना तर डॉक्टरांकडे पाठवावे. ब्रिटनचे आरोग्यखाते हिवाळ्यात सर्वांनाच रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व सुचविते, आणि आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा असे सांगते.

आता कॅनडाकडे वळू, कारण सर्वांत अधिक भीती त्याच देशाची घातली जाते. विनिपेग येथे जानेवारीचे सरासरी तापमान शून्याखाली सुमारे १६ अंश असते. आकडा ऐकूनच अंगावर काटा येतो. तथापि तेथील हिवाळी आकाश पुष्कळदा स्वच्छ असते आणि बर्फावर लखलखीत ऊन पडते. कॅल्गरीस वर्षाला २,३०० तासांहून अधिक ऊन मिळते. लंडनला सुमारे १,६०० तास. तेव्हा आपल्याकडील माणसाला लंडनचे ओलसर सहा अंश सोसणे सोपे की कॅल्गरीचे उन्हातले उणे दहा, हे आकड्यावरून ठरत नाही. शिवाय वारा हा हिशेबात धरावाच लागतो. पॉल सिपल व चार्ल्स पॅसेल या दोघांनी अंटार्क्टिकात पाण्याची नळी वाऱ्यात टांगून ती किती वेळात गोठते याचे प्रयोग केले आणि ते १९४५ साली प्रसिद्ध झाले. वाऱ्याने वाढणाऱ्या थंडीचे गणित तेथून सुरू झाले. सांप्रतच्या कोष्टकाप्रमाणे उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला उणे २० सारखे लागते. आईने प्रेमाने विणून दिलेला जाड स्वेटर अशा वाऱ्यापुढे टिकत नाही. आत पातळ कपड्यांचे दोन थर आणि वर वारा अडविणारा कोट हवा, आणि तो तिकडे जाऊनच घ्यावा. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या, तेव्हा तेथील थंडीत नऊवारी पुरेना म्हणून त्यांनी गुजराथी पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केल्याचे त्यांच्या चरित्रांत येते. स्वदेशाचा वेष न सोडता हवेपुरता बदल करण्याचे तारतम्य त्या अठरा वर्षांच्या मुलीला होते.

आखाती देशांविषयी थोडक्यातच सांगतो. "उन्हाची आम्हाला सवय आहे" असे म्हणून आपले लोक निर्धास्त निघतात. परंतु नागपूरचे ऊन कोरडे, दुबईचे ऑगस्टमधील ऊन समुद्राच्या दमटपणात भिजलेले. घाम येतो, पण वाळत नाही, आणि तो वाळल्यावाचून शरीर थंड होत नाही. आमच्या रत्नागिरीकर मंडळींना हा दमटपणा ओळखीचा, पण तेथील पारा नवा. उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन कामबंदीचा नियम आहे. जाणाऱ्या कामगाराने तो ठाऊक करूनच जावे.

हवेच्या आशेने फसगत केवळ आपलीच होते असेही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाने इंग्रज कुटुंबांना अवघ्या १० पौंडांत बोलाविले. ही योजना १९८२ पर्यंत चालली व दहा लाखांहून अधिक लोक गेले. जाहिरातीत ऊन आणि समुद्रकिनारा होता. प्रत्यक्षात कित्येकांचा पहिला उन्हाळा पन्हळी पत्र्याच्या वसतिगृहांत उकडून गेला, आणि नाताळ भर उन्हात आला. सुमारे चतुर्थांश लोक परतले. कारणे अनेक होती. गंमत अशी की, त्यांतील बरेच लोक मायदेशीचा हिवाळा पाहून पुन्हा ऑस्ट्रेलियास गेले!

१९९८ साली डेव्हिड श्केड आणि डॅनियल काहनेमन यांनी अमेरिकेतील विद्यार्थ्यांची पाहणी केली. उबदार कॅलिफोर्नियातील व थंड मध्यपश्चिमेतील विद्यार्थी आपापल्या आयुष्यावर सारखेच समाधानी आढळले. तरी कॅलिफोर्नियातील लोक अधिक सुखी असतील, असा दोन्हीकडच्यांचा अंदाज होता. दूरच्या गावाचा विचार करताना माणसाला त्याची हवा आधी दिसते. तेथे रोज राहणाऱ्याला मात्र बस, शेजारी, नोकरी, भाडे हेच दिसत असते.

आता आईबापांविषयी. मे महिन्यात इकडे काहिली होऊ लागली की आपले वडीलधारे मुलांकडे जातात. तिकडे फुले, लांब संध्याकाळ, गोड ऊन. सप्टेंबरात परततात ते "स्वर्ग आहे हो" म्हणत. आमच्या परिचयाच्या एका दाम्पत्याने अशा दोन उन्हाळ्यांच्या आधारावर येथील राहते घर विकले आणि इंग्लंडच्या उत्तर भागात मुलाकडे कायमचे गेले. पहिल्या जानेवारीत निसरड्या पायवाटेच्या धास्तीने त्या गृहस्थांचे फिरणे बंद झाले. मुलगा-सून अंधारात निघत, अंधारात परतत. दोघे दिवसभर खिडकीशी. मुलगा गुणी, सून मायाळू. उणे कोठे नव्हते, तरी परतण्यास येथे घर उरले नव्हते. घर विकण्यापूर्वी एक जानेवारी तिकडे काढून पाहा, एवढेच आमचे त्या वयाच्या मंडळींना आग्रहाचे सांगणे आहे.

आपल्या ज्ञातीतील बरीच कुटुंबे आज परदेशी आहेत. चिटणिसांनी आमच्या विनंतीवरून कार्यालयात एक वही ठेविली आहे. आपापल्या मुलांना विचारून तीत लिहावे: गाव कोणते, डिसेंबरात सूर्य किती वाजता मावळतो, सलग किती दिवस आभाळ झाकलेले असते, घरात हवा कोरडी की ओलसर, आणि थंडीत वृद्ध माणूस एकटा पायी कोठवर जाऊ शकतो. पहिली दोन पाने भरली आहेत. वही दर रविवारी सकाळी दहा ते बारा पाहावयास मिळेल.