एकाच पंगतीत

(सभासद मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





संस्थेने आम्हांला दिलेला विषय असा की, उत्सवाच्या दिवशी मांसाहारी नातलगांच्या पंगतीत बसून वनस्पतिजन्य आहार कसा सांभाळावा. विषय वाचून काही सभासद हसले, असे आमच्या कानावर आले. समाजापुढे शिक्षणाचे, नोकरीचे, घराचे प्रश्न उभे असताना ताटातल्या रश्श्यावर अर्धा तास बोलणे हे हसण्यासारखेच आहे. परंतु या रश्श्यापायी आमच्या आत्याबाई दोन वर्षे आमच्या घराची पायरी चढल्या नाहीत. म्हणून आम्ही उभयता आज येथे उभे आहोत.

आमचे घर नागपूरचे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी दसरा होता, त्यामुळे अशोक विजयादशमी म्हटले की खेड्यापाड्यांतून माणसे दीक्षाभूमीला येतात आणि त्यांतली वीस-पंचवीस आमच्याकडे उतरतात. दर्शन होते, पुस्तके विकत घेतली जातात, रात्री सतरंज्या अंथरून गप्पा चालतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा पिशवी घेऊन मटणाला निघतात. हा क्रम आमच्या आजोबांपासूनचा आहे. त्या रश्श्याच्या वासाने आळीतली मुले आमच्या दारात गोळा होत. आम्हीही त्यांतलेच होतो.

पुढे आम्ही मांस सोडले, काही वर्षांनी दूध-तूपही सोडले. कोणी महाराजाने सांगितले म्हणून नव्हे. ट्रकमध्ये एकावर एक रचलेल्या खुराड्यांतल्या कोंबड्या रोज कामावर जाताना दिसत आणि मैत्री भावनेला बसलो की त्याच डोळ्यांपुढे येत. दुधाचे तसेच झाले. गोऱ्हा जन्मला की गोठ्यात त्याचे काय होते, हे खेड्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही.

इथवर ठीक होते. चूक आम्ही केली ती पुढे. त्या वर्षी पंगत बसली, आत्याबाईंनी पहिला घास उचलला आणि आम्ही प्राणिमात्रांवरील करुणेविषयी बोलू लागलो. बावीस प्रतिज्ञांची आठवण करून दिली. वर भाजीच्या पातेल्यात मटणाची पळी घालू नका, आमची पळी वेगळी ठेवा, असेही बजावले. आत्याबाईंनी घास ताटात ठेवला आणि म्हणाल्या, "आमच्या बापाले लोकं वरून पानी वाढत होते. आता तुम्ही आमची पळी येगळी करता काय?" त्या हात धुऊन उठल्या आणि संध्याकाळच्या गाडीने गावी गेल्या.

त्या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आपल्याकडे शाकाहार हा शब्द एकटा येत नाही, त्याच्यामागून सोवळे येते. भाड्याची खोली पाहायला गेल्यावर आडनावाच्या आधी 'नॉनव्हेज खाता का' असे विचारतात, तेव्हा त्या प्रश्नाचा खरा अर्थ आपणां सर्वांना कळतो. बाबासाहेबांनी 1948 साली प्रसिद्ध केलेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात अस्पृश्यतेचे मूळ शोधताना गोमांसाचा प्रश्न मध्यभागी ठेवला आहे. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, हे त्यांनी 1927 साली महाडला सांगितले ते स्वाभिमानासाठी. शाहू पाटोळे यांचे 2015 साली आलेले 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक विद्यार्थ्यांनी जरूर वाचावे. वाळवलेल्या चान्यांवर दिवस काढणाऱ्या घरांचे जेवण त्यात मानाने मांडले आहे. त्याच 2015 साली राज्यात बैलांच्या हत्येवरही कायद्याने बंदी आली आणि गरिबाच्या ताटातला एक स्वस्त पदार्थ गेला. आम्ही मांस खात नाही म्हणून आम्ही त्या बंदीच्या बाजूचे, असे कोणी समजू नये. आपणहून सोडणे वेगळे आणि दुसऱ्याच्या ताटातून काढून घेणे वेगळे.

आता धम्म काय सांगतो? मज्झिमनिकायातील जीवकसुत्तात भगवंतांनी भिक्खूंना नियम दिला तो त्रिकोटी परिशुद्धीचा. आपल्यासाठी मारलेले पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली, तर ते मांस घेऊ नये. एरवी भिक्षापात्रात पडेल ते घ्यावे. देवदत्ताने भिक्खूंना मत्स्य-मांस कायमचे वर्ज्य करावे अशी मागणी केली, तीही भगवंतांनी मान्य केली नाही. दुसरीकडे महायानातील लंकावतार सूत्र मांसाहाराचा कडक निषेध करते आणि चीनमधील विहारांत त्याप्रमाणे चालते. अंगुत्तरनिकायात उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत म्हटले आहे, त्यांत मांसाचा व्यापारही आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला व अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असे मांडले. म्हणजे ग्रंथ काढून आत्याबाईंना गप्प करता येत नाही, तसे आत्याबाईंनाही ग्रंथ काढून आम्हांला मटण वाढता येत नाही. आमच्या अल्पमतीप्रमाणे तत्त्व आहे म्हणूनच ते ज्याचे त्याने आपल्या ताटापुरते वापरायचे असते.

तिसऱ्या वर्षी आम्ही दोघे गावी जाऊन आत्याबाईंची माफी मागितली आणि घरात काही गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे वेगळी पळी बंद. वेगळी पंगत तर नाहीच. त्याऐवजी आम्ही वेळ बदलली. कांदा, सुके खोबरे, खसखस, दगडफूल, लवंग, मिरी भाजून वाटलेला मसाला एकाच कढईत परततो आणि पाणी घातले की मटण पडण्याआधी आमच्यापुरता रस्सा दुसऱ्या पातेल्यात काढून घेतो. मसाला एक, चव एक, चूल एक. आमच्या रश्श्यात पातोड्या पडतात, त्यांच्यात मटण. वाढताना कधी पळीची अदलाबदल झाली, तर ते ताट आम्ही परत करीत नाही. यावर काही मित्र म्हणतील, मग तुमचा नियम राहिला कुठे? आमच्यासाठी कोणी जनावर मारले नाही आणि पंगतीतून कोणी उठले नाही, एवढे आम्हांला पुरते.

पातोडी-रश्श्याविषयी थोडे अधिक सांगू, कारण खरी लढाई तिथेच जिंकली जाते. मांसाहारी पाहुण्यापुढे दुधीची पचपचीत भाजी ठेवली तर तो आपली कीव करतो. पंचवीस माणसांना साधारण एक किलो बेसन लागते. लसूण, जिरे, तिखट, कोथिंबिरीची फोडणी देऊन वाटीला दीड-दोन वाट्या पाणी घालावे, उकळीत बेसन वैरून घट्ट शिजवावे, तेल लावलेल्या ताटात थापून वड्या पाडाव्यात. रश्श्यात त्या अगदी वाढतेवेळी सोडाव्यात, नाहीतर विरघळतात. पहिल्या वर्षी आम्ही आमच्या चौघांपुरत्याच केल्या आणि पोरांनी त्या आमच्याआधी संपवल्या. तेव्हापासून सर्वांपुरत्या करतो. सोबत ज्वारीची भाकरी, ठेचा आणि जवसाची चटणी.

गोडाचे अवघड होते. बुद्धपौर्णिमेला सुजातेची खीर, ती दुधाशिवाय कशी? आम्ही गव्हाची खीर गूळ आणि नारळाचे दूध घालून करतो. विहारातल्या दोन वृद्ध उपासिकांना ती अजून पटलेली नाही, त्यांची दुधाची खीर शेजारीच असते आणि ती आधी संपते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

लग्नाच्या जेवणाचे थोडक्यात. केटरर 'व्हेज' म्हणजे पनीर समजतो. आम्ही निघण्याआधी घरी दोन भाकरी खातो, तिथे वरण-भात घेतो, वर तूप नको म्हणतो आणि यजमानाला त्रास देत नाही. हळदीच्या रात्री कोणी चिडवले तर हसतो.

विद्यार्थ्यांना एक व्यवहाराची गोष्ट. डाळी, शेंगदाणे, सोयाबीन यांतून प्रथिने मिळतात, आपल्या विदर्भात सोयाबीनला तोटा नाही. परंतु बी-12 हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. दूधही सोडणाऱ्याने त्याची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घेतलीच पाहिजे. वसतिगृहात उपाशी राहून करुणा करू नका. मेसमध्ये अंडे हाच एक धड पदार्थ असेल तर ते खा आणि अभ्यास करा.

आत्याबाई आता ऐंशीच्या घरात आहेत. मटण सोडलेले नाही, सोडणारही नाहीत. गेल्या अशोक विजयादशमीला मात्र सकाळी त्याच ओट्याशी आल्या, कढईतला मसाला चाखून म्हणाल्या, "तुमचा रस्सा काढून घ्या लवकर, मंग मी मटन टाकतो." यंदा येताना घरचे जवस आणीन म्हणून त्यांनी निरोप पाठवला आहे.