ट्रॅक्टर घ्या, पण तासाचा हिशेब मांडून

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज भावाचे बोलायचे नाही, ट्रॅक्टरचे बोलायचे आहे. गेल्या बैठकीनंतर चार-पाच जणांनी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला, "साहेब, ट्रॅक्टर घ्यायचा म्हणतो, कोणता घेऊ?" मी प्रत्येकाला उलटा प्रश्न केला, "वर्षाला किती तास चालवणार?" एकालाही उत्तर देता आले नाही. म्हणून आज हा विषय घेतला.

आधी माझीच फजिती सांगतो. परभणीहून शेतीची पदवी घेऊन आलेला मी घरातला शहाणा माणूस. 2010 साली आमच्या घरी ट्रॅक्टर आला. ताकद जास्त, रंग चांगला आणि किंमत इतरांपेक्षा चाळीस हजारांनी कमी. कंपनी या भागात नवीन होती, तालुक्याच्या गावी तिचा एकच विक्रेता होता. पुस्तकातले सगळे आकडे मी तपासले. एकच गोष्ट तपासली नाही, ती म्हणजे उद्या हा बिघडला तर हात कोण लावणार? दोन वर्षांत विक्रेत्याने दुकानाला कुलूप लावले. 2012 चा जून आठवतो ना? दुष्काळाचे वर्ष. एक बरा पाऊस झाला, वाफसा आला आणि त्याच दिवशी हायड्रॉलिकचा पंप गेला. लिफ्ट उचलेना. मी पंपासाठी नगर, जालना, पुणे असा फिरलो. पंप यायला एकोणीस दिवस लागले. वाफसा एकोणीस दिवस थांबत नाही. त्या साली हप्ता थकला, पुढच्या साली व्याज चढले आणि शेवटी वडिलांनी दोन एकर काढून दिले. चाळीस हजार वाचवले होते मी! तेव्हापासून सांगत असतो, ट्रॅक्टर घेण्याआधी मिस्त्री पाहा.

पहिला हिशेब : तास

ट्रॅक्टर एकरावर चालत नाही आणि प्रतिष्ठेवरही चालत नाही. तो तासावर चालतो. शेती अभियांत्रिकीच्या हिशेबात ट्रॅक्टरचे आयुष्य साधारण 10 वर्षे आणि 10,000 तास धरतात, म्हणजे वर्षाला 1,000 तास.

आता आपली कोरडवाहू शेती घ्या. घरचे दहा एकर, कापूस आणि ज्वारी. नांगरट, मोगडा, रोटाव्हेटर, पेरणी, पऱ्हाट्यांचा बंदोबस्त, सगळे धरून एकरी सहा तास म्हणू. दहा एकरांचे साठ तास झाले. मळणी, शेणखत, कापूस आणि कडब्याची वाहतूक यांचे आणखी साठ धरा. वर्षाचे झाले 120 तास. उरलेले दिवस ट्रॅक्टर दारात उभा.

कर्ज सात लाखांचे, पाच वर्षांचे, "फक्त नऊ टक्के" व्याजाने, असे धरू. इथे कान उघडे ठेवा. नऊ टक्के फ्लॅट की घटत्या शिलकीवर? फ्लॅट असेल तर पाच वर्षे पूर्ण सात लाखांवरच व्याज लागते. ते 3 लाख 15 हजार होते. आपण दर हप्त्याला मुद्दल फेडत असतो, पण व्याज घटत नाही. घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर साधारण साडेपंधरा टक्के पडतो. मॅनेजरला हा एक प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

एकूण फेड 10 लाख 15 हजार, वर्षाला 2 लाख 3 हजार. त्याला 120 तासांनी भागा. नुसत्या हप्त्याचा बोजा तासाला जवळजवळ 1,700 रुपये. डिझेल, तेल, ड्रायव्हर वेगळे. तुमच्या गावचा भाड्याचा दर तुम्हांला ठाऊक आहे. या हिशेबाने घरचा ट्रॅक्टर भाड्यापेक्षा महाग पडतो. तोच ट्रॅक्टर वर्षाला 600 तास चालला तर हप्त्याचा बोजा तासाला सुमारे 340 रुपयांवर येतो.

म्हणजे काय? दहा एकरवाल्याने ट्रॅक्टर घेऊच नये का? घ्यावा, पण तीन-चार घरांनी मिळून घ्यावा किंवा भाड्याची कामे आधी हाती धरून घ्यावा. "घेतल्यावर कामे मिळतील" या भरवशावर सात-बाऱ्यावर बोजा चढवू नका. ज्या गावात आधीच पंधरा ट्रॅक्टर उभे आहेत, तिथे सोळावा भाडे कोणाकडून घेणार?

दुसरा हिशेब : कोणता घ्यावा

मी कोणत्याही कंपनीचा माणूस नाही, म्हणून नाव सांगणार नाही. पारख कशी करायची तेवढे सांगतो.

एक. वीस किलोमीटरच्या आत त्या ट्रॅक्टरचे इंजिन उघडणारे दोन मिस्त्री आहेत का? एक नाही, दोन. एक लग्नाला गेला तर दुसरा पाहिजे. ऑइल फिल्टर, क्लच प्लेट, पंपाची सिले, वॉटर पंप हे सामान तालुक्यात मिळते का? विक्रेत्याला विचारू नका. दुकानात जाऊन स्वतः मागून पाहा.

दोन. कंपनी टिकणारी आहे का? एचएमटी सरकारी कारखाना. 1971 पासून पिंजोरला चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या मदतीने ट्रॅक्टर बनवत होता. यंत्र दणकट, पण 2016 साली केंद्र सरकारने तो ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय घेतला. पुण्याच्या फोर्स मोटर्सने 2024 साली ट्रॅक्टरचा धंदा सोडला. उलट 2005 मध्ये आयशरचे ट्रॅक्टर टॅफेकडे गेले, 2007 मध्ये स्वराज महिंद्राकडे गेला, तरी ती नावे बाजारात राहिली आणि सामान मिळत राहिले. मालक बदलला तर फारसे बिघडत नाही, सामानाची साखळी तुटली तर बिघडते. बंद झालेल्या कंपनीचा जुना ट्रॅक्टर स्वस्तात मिळाला तर सामान कुठून आणणार ते आधी ठरवा, मग किंमत बोला.

तीन. बुधनीचा अहवाल मागा. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुधनीला 1955 पासून केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे. तिथे ट्रॅक्टर शेतात आणि प्रयोगशाळेत चालवतात, मग उघडून लायनर, पिस्टन, रिंगा किती झिजल्या ते मोजतात. पीटीओवर खरी ताकद किती, डिझेल किती, लिफ्ट किती किलो उचलते, काय दोष सापडले, सगळे त्यात लिहिलेले असते. जाहिरातीत इंजिनाची ताकद छापतात, रोटाव्हेटर आणि मळणी यंत्र चालते पीटीओच्या ताकदीवर. ती नेहमी कमी असते. तुलना करायची तर पीटीओची करा.

चार. गरजेपेक्षा मोठा घेऊ नका. जानेवारी 2023 पासून 50 हॉर्सपॉवरच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरला धुराचे कडक नियम लागू झाले. त्यामुळे त्यांत कॉम्प्युटरवर चालणारी डिझेल यंत्रणा आली. तिचा दोष शोधायला पाना पुरत नाही, कंपनीचे यंत्र लावावे लागते. आपल्या काळ्या जमिनीत दोन फाळी पलटी नांगर आणि पाच-सहा फुटी रोटाव्हेटर ओढायला 40-45 चा ट्रॅक्टर पुरतो. नुसती कपाशीची आंतरमशागत करायची असेल तर लहान ट्रॅक्टरचा विचार करा.

पाच. पावती वाचा. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरचे टायर-ट्यूब आणि अनेक सुटे भाग 18 वरून 5 वर आले. दुकानदार पावती न देता "स्वस्तात देतो" म्हणाला तर वॉरंटी गेली असे समजा. अनुदान घ्यायचे असेल तर महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती येईपर्यंत थांबा. आधी खरेदी आणि मग अर्ज केला तर हाती काही लागत नाही.

जुना घेताना

जुना ट्रॅक्टर पाहायला सकाळी लवकर जा आणि आधी बोनेटला हात लावा. इंजिन गरम असेल तर समजा, मालकाने तुमच्यासाठी आधीच चालू करून ठेवले होते. थंड इंजिन स्वतः चालू करा. ब्रीदरमधून भकाभका धूर येतो का, डिपस्टिकवरचे तेल दुधासारखे झाले आहे का, नांगर उचलून इंजिन बंद केल्यावर लिफ्ट झटकन खाली बसते का, चढावर गिअर सुटतो का, ते पाहा. तासाच्या मीटरवर विश्वास ठेवू नका, क्लच-ब्रेकच्या पायपट्ट्या किती गुळगुळीत झाल्या ते पाहा. आणि आरसी पुस्तकावर बँकेचे नाव असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला हातात पडेपर्यंत एक रुपया देऊ नका.

तिसरा हिशेब : टिकवणे

आपल्या भागात ट्रॅक्टरला सर्वांत जास्त मारते ती धूळ. एप्रिल-मेमध्ये नांगरट करतो तेव्हा हवेत माती असते. ती इंजिनात गेली की लायनर कानशीने घासावा तसा घासते. म्हणून धुळीच्या दिवसांत एअर क्लीनर रोज पाहा. तेलाच्या वाटीचा असेल तर गाळ काढा, तेल खुणेपर्यंत भरा. कोरडा असेल तर बाहेरची जाळी आतून बाहेर, हलक्या हवेने साफ करा. आतल्या जाळीला हवा मारू नका, ती बदलायची असते. क्लीनरपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळीला चीर असेल तर वरची सगळी सफाई फुकट जाते.

तेल तासावर बदला. किती तासांवर ते कंपनीच्या पुस्तकात दिलेले असते. बऱ्याच ट्रॅक्टरना 250 तास असतात. आपला ट्रॅक्टर वर्षात तेवढे तास भरत नाही, म्हणून लोक दोन-दोन वर्षे तेल बदलत नाहीत. हे चूक. तास भरोत न भरोत, वर्षातून एकदा तेल आणि फिल्टर बदलायचाच. डिझेलची टाकी संध्याकाळी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत रात्री पाणी धरते. फिल्टरखालचे पाणी सोडत जा. ट्रॅक्टर उभा राहणार असेल तर पंधरा दिवसांनी एकदा गरम होईपर्यंत चालवा आणि अवजार जमिनीवर टेकवून ठेवा.

चाक फिरते किती आणि सरकते किती ते मोजा. मागच्या टायरवर खडूची खूण करा. अवजार उचलून चाकाचे दहा फेरे मोजा आणि अंतर घ्या. समजा 40 मीटर भरले. मग नांगर लावून तेच दहा फेरे घ्या. 34 मीटर भरले तर सहा मीटर वाया, म्हणजे 15 टक्के. इथपर्यंत चालेल. त्याच्या पुढे गेले तर डिझेल आणि टायर दोन्ही जळतात. वजन वाढवा, नाहीतर खोली कमी करा. आणि ओल्या रानात शिरूच नका. वाफशाशिवाय काळ्या जमिनीत चालवलेला ट्रॅक्टर रान दाबून ठेवतो, मग तीच जमीन फोडायला पुन्हा डिझेल जाळावे लागते.

क्लचवर पाय ठेवून चालवू नका. पीटीओच्या शाफ्टवरचे झाकण काढून टाकू नका. मळणीच्या वेळी धोतर, पदर, ओढणी त्याच्याजवळ नको. यंत्राचा भाग बाजारात मिळतो, माणसाचा हात मिळत नाही.

शेवटची गोष्ट वहीची. दोन एकर गेल्यावर आमच्या घरी आईने वही सुरू केली. तारीख, तास, कोणाचे रान, डिझेल किती, दुरुस्ती काय आणि भाड्याची उधारी किती, एवढे सहा रकाने. आई फार शिकलेली नाही, पण पहिल्याच वर्षी तिने मला दाखवून दिले की भाड्याच्या तासांपैकी एक तृतीयांश पैसे गावात उधार पडले आहेत. मी पदवीधर, मला ते दिसले नव्हते. आज आमच्याकडे आहे तो ट्रॅक्टर चौघांत मिळून, जुना घेतलेला आहे. त्याची वही चौघांच्या घरी महिन्या-महिन्याने फिरते, म्हणून भांडण होत नाही.

प्रत्येक गटातून दोन पोरे निवडा. आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा कोर्स आहे, बुधनीलाही शेतकऱ्यांना ट्रॅक्टर चालवण्याचे आणि देखभालीचे प्रशिक्षण मिळते. गावात दोन हात तयार झाले की पंपासाठी एकोणीस दिवस फिरावे लागणार नाही.

पुढच्या बैठकीला ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे त्याने एका महिन्याची वही आणावी. ज्याला घ्यायचा आहे त्याने आपल्या वर्षाच्या तासांचा कागद आणावा. दोन्ही शेजारी ठेवून बसू आणि मग "कोणता घेऊ" या प्रश्नाचे उत्तर सगळे मिळून देऊ.