आज्ञा कोणाची आणि कशासाठी?



माणूस आज्ञा का पाळतो, या प्रश्नाचा आज आपण विचार करू. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव केला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत आपली माणसे त्या पाण्यापासून दूरच राहिली. मारहाणीची भीती खरी होतीच. पण तिच्या जोडीला पिढ्यान्‌पिढ्या मनात मुरलेली आज्ञाही होती. कायद्याने दिलेला हक्क रूढीच्या हुकमापुढे लुळा पडला होता.

अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅनले मिलग्रॅम यांनी १९६१ साली एक प्रयोग आरंभिला. उत्तर चुकणाऱ्या माणसास विजेचा धक्का द्या, असे त्यांत सांगितले जाई. धक्के खोटे होते, परंतु देणाऱ्यास ते खरे वाटत. एका प्रयोगात ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटनापर्यंत गेले. ही माणसे क्रूर नव्हती. त्यांनी आपला विवेक हुकूम देणाऱ्याच्या स्वाधीन केला होता. मात्र शेजारी बसलेल्या दोघा सोबत्यांनी नकार देताच, ४० पैकी केवळ ४ जण शेवटपर्यंत गेले.

ही सोबतीची शक्ती महाडास दिसली. बाबासाहेबांमागे हजारो माणसे तळ्यावर गेली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात लाखो लोकांनी एकमुखाने २२ प्रतिज्ञा घेतल्या.

मग काय, प्रत्येक आज्ञा मोडावी? मुळीच नाही. डिसेंबर १९२७ मध्ये न्यायालयाचा मनाईहुकूम येताच बाबासाहेबांनी तळ्यावरचा सत्याग्रह स्थगित केला, खटला लढविला आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टात तो जिंकला. न्यायालयाच्या हुकमास कारण विचारता येते, त्यावर अपील करता येते. रूढीपुढे कारण विचारणे हाच गुन्हा ठरतो. भेद आहे तो येथे.

परंपरा सांगते, ग्रंथ सांगतो किंवा गुरू सांगतो एवढ्यावरून काही मानू नका, असे भगवान बुद्धांनी कालामांस सांगितले. म्हणून घरी लग्नकार्य वा मर्तिक निघाले आणि वडीलधारी म्हणाली, "पूर्वीपासून असेच चालत आले आहे," तर आदराने कारण विचारा. एकट्याचा धीर खचत असेल तर शेजारच्या दोन कुटुंबांना सोबत घ्या. आणि तुमच्या मुलाने तुम्हांस "का?" म्हणून विचारले, तर त्यास दटावू नका, उत्तर द्या.