एका लहानशा राज्याची नवलकथा



या व्याख्यानमालेत बोलावयास पाचारण केल्याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. विषय निवडण्याची मोकळीक मिळाली, म्हणून एका फार दूरच्या आणि एका आपल्या अगदी शेजारच्या अशा दोन लहान राज्यांविषयी काही सांगावे असे योजिले आहे.

दूरचे राज्य म्हणजे आइसलँड. उत्तर अटलांटिकातील ज्वालामुखींचे आणि हिमनद्यांचे हे बेट. तेथील वस्ती आजही चार लाखांच्या आत आहे. आपल्या हुबळी-धारवाडाहूनही कितीतरी कमी. या देशाला सैन्य नाही. बहुतेकांना आडनाव नाही. बापाच्या, क्वचित आईच्या नावापुढे 'चा मुलगा' वा 'ची मुलगी' हा प्रत्यय लावला की काम भागते. इ. स. 930 च्या सुमारास तेथील शेतकरी थिंगवेत्लिर येथील उघड्या खडकाळ मैदानात जमले आणि त्यांनी 'आल्थिंग' ही सभा स्थापिली. राजा नव्हता आणि कायदे लिहिलेले नव्हते. म्हणून एक कायदेवक्ता निवडीत. तो दरवर्षी एक-तृतीयांश कायदा तोंडपाठ म्हणून दाखवी. मौखिक परंपरेचे आम्हांला अप्रूप वाटावयास नको. पण धर्मग्रंथाऐवजी दिवाणी-फौजदारी कायदा मुखोद्गत करणारी माणसे मात्र विरळाच. निकाल लागला तरी त्याची अंमलबजावणी करणारा अधिकारीच नव्हता. ती ज्याची त्याने करावयाची. यातूनच रक्तपाती वैरे माजली आणि 1262 ते 1264 या काळात बेट नॉर्वेच्या राजाच्या स्वाधीन झाले.

आता शेजारचे राज्य. औंध संस्थान जेमतेम पाचशे चौरस मैलांचे, आणि तेही अखंड नव्हे. औंध, कुंडल व आटपाडी हे मराठी मुलुखातले तुकडे, तर गुणदाळ हा कन्नड भाषकांचा तुकडा आपल्या विजापूर जिल्ह्यात. राजेसाहेब भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी 1909 मध्ये गादीवर आले. हा गृहस्थही नवलाचाच होता. स्वतः चित्रे काढी, कीर्तन करी आणि सूर्यनमस्कारांचा प्रचार तर असा करी की संस्थानातील शाळकरी मुलांची त्यातून सुटका नव्हती. बेळगावात जागेची अडचण झालेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला आणि 1910 मध्ये तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

परंतु खरे आश्चर्य पुढेच आहे. 1938 च्या नोव्हेंबरात राजेसाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचा मनोदय जाहीर केला. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे ज्यू अभियंते सेवाग्रामला गांधीजींकडे गेले व त्यांच्या सल्ल्याने घटना तयार झाली. ती 1939 च्या जानेवारीत अमलात आली. गावाने पंचायत निवडावी, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती व्हावी आणि तालुक्यांनी विधिसभेत प्रतिनिधी धाडावेत, अशी ती रचना होती. सारा गोळा होई त्यातील निम्मा वाटा गावाकडेच राहावा, ही तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते. आइसलँडच्या जुन्या सभेपाशी नेमके हेच नव्हते. तेथे सभा होती, पण तिच्यापाशी तिजोरी नव्हती आणि हातही नव्हते.

मताचा अधिकार मात्र साक्षरांनाच होता. हा गांधीजींचाच आग्रह. हेतू प्रौढांनी त्वरेने अक्षरे गिरवावीत असा असला, तरी ज्यांच्यासाठी स्वराज्य आणले त्यांतील बहुसंख्य स्त्रिया आणि रानातले धनगर प्रारंभी दाराबाहेरच राहिले, हे न सांगता औंधाचे गुणगान करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. आइसलँडात हिवाळ्याच्या लांबलचक रात्री घरची माणसे लोकर विंचरीत बसत आणि एकजण मोठ्याने कथा वाची. मुलांना वाचता येते की नाही हे पाद्री तपाशी. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे बहुतेकांना वाचता येऊ लागले होते. आमच्याकडे पोथी वाचणारा एक आणि ऐकणारे सारे गाव, असे चित्र होते. तेथेही वाचणारा एकच असे. परंतु उद्या पुस्तक दुसऱ्याच्या हाती गेले तर तोही वाचू शके.

आटपाडीजवळील स्वतंत्रपूरची हकीकत आपणांपैकी अनेकांनी पडद्यावर पाहिली असेल. खुनासारख्या गुन्ह्यांचे कैदी भिंतीविना वसाहतीत ठेवून त्यांना शेती करावयास लावण्याचा हा प्रयोग फ्रीडमन यांच्या प्रेरणेने झाला. ग. दि. माडगूळकर त्याच मुलुखातले. त्यांच्या कथेवरून व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला.

1942 नंतर सातारच्या प्रतिसरकारचे कार्यकर्ते कुंडल परिसरात वावरत, तेव्हा या लहान राज्याची हद्द त्यांच्या उपयोगी पडे.

1948 च्या मार्चमध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थाने जाणे इष्टच होते. त्याविषयी दुमत नसावे. पण राजाबरोबर पंचायतीही गेल्या. नऊ वर्षे आपला सारा आपण खर्च करणाऱ्या गावांना पुन्हा मामलेदाराच्या कचेरीकडे अर्ज घेऊन जाणे भाग पडले. इतर संस्थाने खालसा झाली तेव्हा तेथील प्रजेच्या पदरात काही पडले. औंधच्या प्रजेच्या पदरातले काढून घेतले गेले. पंचायतींना घटनेत हक्काचे स्थान मिळावयास 1993 साल उजाडावे लागले, आणि तेव्हाही साऱ्याचा निम्मा वाटा गावाला देण्याचे त्यात नव्हते. राजेसाहेब 1951 मध्ये निवर्तले. अप्पासाहेब पुढे देशाचे राजदूत होऊन अनेक देशांत गेले. त्यांत नॉर्वेही होता. गुणदाळ प्रथम मुंबई राज्याच्या विजापूर जिल्ह्यात आणि 1956 मध्ये त्या जिल्ह्याबरोबर आपल्या राज्यात आले. येथून ते फार लांब नाही.