जुनी ई-सायकल द्या, सुरक्षित घ्या

न्यूयॉर्क शहरात 2023 साली लिथियम-आयन बॅटऱ्यांमुळे 268 आगी लागल्या, 18 माणसं दगावली. जेवण घरपोच देणारे अनेक कामगार स्वस्तातल्या, जुने सेल जोडून केलेल्या बॅटऱ्या राहत्या खोलीतच चार्जिंगला लावत. एक सेल बिघडून तापला की शेजारचा पेटतो, आणि आग दारापाशी असेल तर बाहेर पडायला वाटच उरत नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून शहरात अप्रमाणित ई-सायकलींच्या विक्रीवर बंदी आली. पण आधीच घेतलेल्यांचं काय? त्यासाठी 2025मध्ये शहराने अदलाबदल योजना सुरू केली: धोकादायक सायकल जमा करा, प्रमाणित सायकल आणि एक जादा बॅटरी मोफत न्या. लाभ मात्र सुमारे 400 जणांनाच. हजारो कामगारांच्या शहरात हे फारच अपुरं आहे. आपल्याकडेही ई-सायकल असेल, तर बॅटरी दाराजवळ किंवा झोपेच्या वेळी चार्जिंगला लावू नका.