तवंदीच्या घाटातले कूलंट



बेळगावला अध्यक्षीय भाषणांची जुनी सवय आहे. 1924 साली महात्मा गांधी इथल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते. 1946 च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद ग. त्र्यं. माडखोलकरांकडे होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्याच संमेलनात झाला. अशा गावात मोटारसायकलच्या रेडिएटरमध्ये काय ओतावे यावर बोलायला अध्यक्ष उभा राहतो, हे जरा धाडसच. पण समोर बसलेत ते दुचाकीचे मिस्त्री, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान थाटले तेही याच गावात. पुढे 1910 मध्ये त्यांचा कारखाना कुंडलच्या माळावर गेला आणि किर्लोस्करांचे नाव शेतकऱ्याच्या तोंडी पंपामुळे बसले. आजच्या रेडिएटरवाल्या मोटारसायकलच्या पोटात मुठीएवढा पंप असतो, तो त्याच जातीचा, सेंट्रिफ्युगल.

रेडिएटरमध्ये काय ओतावे हा प्रश्न सीमाभागातल्या गॅरेजांना तसा उशिरा भेटला. आरएक्स 100, म्हैसूरची येझदी, बुलेट, स्प्लेंडर या सगळ्या वाऱ्यावर थंड होणाऱ्या गाड्या. फिन्समधला चिखल काढला की थंड ठेवण्याचे काम संपले. परदेशात पाण्यावरची इंजिने जुनी होती. इंग्लंडमधल्या स्कॉट गाड्या पहिल्या महायुद्धाच्याही आधीच्या. 1971 ची सुझुकी जीटी 750 तर इतकी नावाजली की इंग्रजांनी तिला किटली म्हटले आणि अमेरिकनांनी पाणम्हैस. आपल्याकडे 2008 ला यामाहाची आर 15 आली, 2012 ला चाकणहून ड्यूक 200 आणि पल्सर 200 एनएस निघाल्या, 2018 ला जावा परतली ती रेडिएटर लावूनच, आणि 2023 च्या हिमालयन 450 ने रॉयल एनफिल्डलाही पाण्याला लावले.

आता डब्याकडे येऊ. कूलंटच्या डब्यावर ठळक आकडा असतो तो गोठण्याचा. निम्मे इथिलीन ग्लायकॉल आणि निम्मे पाणी असे मिश्रण उणे 37 अंशांच्या आसपास गोठते. निपाणीत थंडी पडते, पण तंबाखूवर बर्फ साचल्याचे कुणी पाहिलेले नाही. लडाखला जाणाऱ्या गाडीसाठी तो आकडा मोलाचा आहे. तवंदीच्या घाटात उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे पहिल्या गियरमध्ये सरकणाऱ्या गाडीला त्याचा उपयोग नाही. तिथे रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही, फॅन सुरू होतो, आणि खरी परीक्षा उकळण्याची असते.

त्यातही एक गैरसमज घट्ट बसला आहे. पाणी उकळू न देण्याचे सगळे श्रेय कूलंटला दिले जाते, पण त्यातला मोठा वाटा रेडिएटरच्या झाकणाचा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर आहे, त्यामुळे उघड्या भांड्यातले पाणी इथे 97-98 अंशांनाच उकळते. 1.1 बार दाब धरणारे झाकण असेल तर तेच पाणी 120 च्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. ग्लायकॉल त्यात आणखी काही अंशांची भर घालते, एवढेच. झाकणाचे रबर गेले की सगळ्यात महागडे कूलंटही रिझर्व्ह बाटलीतून बाहेर येते आणि गिऱ्हाईक कूलंटच्या कंपनीला शिव्या देते.

उष्णता वाहून नेण्यात तर साधे पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. म्हणूनच पाणी मिसळून वापरायचे कूलंट, म्हणजे कॉन्सन्ट्रेट, पाणी न घालता तसेच भरले तर गाडी उलट जास्त तापते. आणि आधीच पाणी मिसळून येणाऱ्या रेडी-मिक्स डब्यात पुन्हा पाणी घालणे म्हणजे त्यातली, पैसे देऊन घेतलेली गंजरोधके पातळ करणे. शर्यतींच्या अनेक ट्रॅकवर तर ग्लायकॉलला बंदीच असते, कारण सांडले की ते निसरडे राहते. तिथे पाण्यावरच भागवतात.

मग नुसते पाणी का नको? या गावाला बीड कळते. उद्यमबागेत बीडाचे ओतकाम पाहत दोन पिढ्या वाढल्या. मोटारसायकलचे हेड आणि रेडिएटर मात्र अॅल्युमिनियमचे, आणि रेडिएटरच्या नळ्या अगदी बारीक. बोअरच्या पाण्यातला क्षार त्या नळ्यांत पुटासारखा बसतो आणि क्लोराइड अॅल्युमिनियमला आतून खात जाते. कूलंटमधली गंजरोधके हेच थोपवतात. म्हणून मिसळायचे पाणी डिस्टिल्डच हवे, बॅटरीसाठी घेतो ते. नळाला राकसकोप जलाशयाचे पाणी येते म्हणून ते चालेल, हा युक्तिवाद गॅरेजच्या दारातच थांबवावा.

निवड करायची ती या गंजरोधकांची. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट अशी रसायने असतात. ती लवकर संरक्षण देतात आणि लवकर खर्ची पडतात, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायची. सेंद्रिय आम्लांवरचे, ज्याला ओएटी म्हणतात, ते अधिक टिकते. जपानी कंपन्यांचा कल सिलिकेट टाळण्याकडे राहिला, कारण त्याचा पंपाच्या सीलला त्रास होतो असे त्यांचे म्हणणे. कडक पाण्याच्या युरोपात फॉस्फेट टाळले गेले, कारण त्याचा क्षारांशी साका होतो. दोन्ही मते आपापल्या जागी रास्त. मिस्त्रीने स्वतःचे तिसरे मत बनवण्यापेक्षा गाडीसोबतचे पुस्तक उघडावे आणि डब्यावर आयएस 5759 किंवा जपानचे जेआयएस के 2234 असे मानक छापले आहे का ते पाहावे.

रंगावरून मात्र काहीही ठरत नाही. हिरवा, लाल, निळा हा कंपनीने घातलेला रंग आहे. एका कंपनीचे हिरवे जुन्या पद्धतीचे असेल, तर दुसरीचे हिरवे ओएटी. रंग जुळला म्हणून वरून ओतले तर दोन्हींची गंजरोधके कमकुवत होतात, कधी गाळही धरतो. आधी काय भरले होते ते कळत नसेल तर सगळे काढावे, डिस्टिल्ड पाण्याने धुवावे आणि नवे भरून तारीख व प्रकार रिझर्व्ह बाटलीवर लिहून ठेवावा. हे लिहिणे फार थोडे जण करतात. झाकण गरम इंजिनावर उघडू नये, हे या सभेला सांगणे म्हणजे अपमान. पण गॅरेजमधल्या नव्या पोराला सांगायलाच हवे.

राहिले ते काढलेल्या कूलंटचे. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेले तर मूत्रपिंडे निकामी करणारे आहे. मोठ्या माणसाच्या जिवावर बेतायला शंभर मिलिलिटरच्या आसपास पुरते, कुत्र्याला किंवा लहान मुलाला त्याहून कितीतरी कमी. पाण्याच्या जुन्या बाटलीत ते भरून ठेवण्याची सवय आजच सोडावी, आणि गॅरेजसमोरच्या गटारात ओतण्याचीही. झाकणबंद, नाव लिहिलेला एक कॅन प्रत्येक गॅरेजात असावा, असा ठराव अध्यक्ष या सभेपुढे मांडत आहे. त्यावर ज्यांना बोलायचे असेल त्यांनी आता माईकपाशी यावे.